निंबाखालचं दार

कळवणकडं मी त्या लग्नाआधी कधी गेलो नव्हतो. नाशिक शहर, देवळाली कॅम्प, फार तर लासलगाव, एवढ्यातच माझी बावीस वर्षं क्लॅरनेट वाजवण्यात गेली, आणि तीही एकाच मालकाच्या बँडमध्ये. मला कोणी शिकवलेलं नाही. दोन चाव्या मोडलेलं जुनं वाद्य घेतलं, स्वतः दुरुस्त केलं आणि ऐकून ऐकून वाजवायला लागलो. पाचव्या वर्षी मी बँडच्या पुढं उभा होतो. मग मालकानं दिव्यांची नवी गाडी आणली. गाडीच्या पाटीवर त्याच्या जावयाचा फोटो लागला, जावई पुढं आला आणि मी तिसऱ्या रांगेत गेलो. "तुमचं वय झालं मास्तर, आता जरा सावलीत चालत जा," असं मालक सगळ्यांसमोर म्हणाला. त्याच दिवशी मी कोट काढून त्याच्या गाडीवर फेकला. ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

पाच जणांना घेऊन मी स्वतःची पार्टी काढली. शहरात त्या मालकाचं वजन, त्यामुळं पहिली सुपारी मिळाली ती कळवणच्या पुढच्या एका गावची. नवरदेवाच्या मामाशी फोनवर बोलणी झाली. मी पैशांपेक्षा अटींवर जास्त ताणतो. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतच वाजवू, वाटेत दोनदाच थांबू, जेवण आधी, असं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"मास्तर, लगीन तुमचं का आमचं?" मामा म्हणाला.

"लग्न तुमचं. वाजवणं माझं."

दुपारी जेवून मिरवणूक निघाली. उन्हात कोटाची बटणं तापली होती. गाव लहान, रस्ता एकच. मी वाजवत असताना मामा माझ्या कानाशी आला. "मास्तर, म्होरं निंबाखाली घर हाय. तिथला माणूस दिवाळीत गेला. तिथं..."

"कळलं," मी म्हणालो.

"नाय, ऐका तर..."

"कळलं म्हटलं ना! बावीस वर्षं हेच करतोय."

नाशकात दुःखाच्या घरासमोर वाद्य बंद करतात. हे मला कोणी सांगावं लागत नाही. निंब दिसला तसा मी हात वर केला, पार्टी गप्प झाली. दारात एक बाई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. मी मान खाली घातली आणि सगळ्यांना चुपचाप पुढं काढलं. चांगलं शिस्तीत झालं, असं मला वाटलं. पन्नास पावलांवर पुन्हा सुरुवात केली, तर मामानं येऊन क्लॅरनेटच धरलं.

"हे काय केलं तुम्ही? तिथंच वाजवायचं असतं!"

त्यानं सांगितलं ते असं. घरात माणूस गेल्यावर गावात जे पहिलं लग्न निघतं, ते त्या दारासमोर वाजवतात. मग त्या घराचा दुखवटा उठतो. वरात मुकी गेली तर पुढच्या लग्नापर्यंत त्या घरात काही शुभ करत नाहीत. बाईच्या मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर होता. मुलाकडच्यांना आधीच घाई होती, ते थांबले नसते.

"मग आधी सांगायचं!" मी ओरडलो.

"सांगतच व्हतो. तुमीच 'कळलं, कळलं' केलं."

वरात मागं न्या म्हणालो, तर नवरदेव मागं वळत नाही म्हणे. नंतर वाजवतो म्हणालो, तर अक्षता पडायच्या आत व्हायला हवं. हे ठरल्यात नाही, असंही मी म्हणून पाहिलं. वऱ्हाडातल्या बाया माझ्याकडं बघत होत्या.

"तुम्ही या जाऊन, मास्तर," माझा ट्रम्पेटवाला म्हणाला. "तोवर मी नेतो पुढं."

त्याला मी नेहमी डाव्या हाताला, एक पाऊल मागं ठेवत असे.

"तू नेणार?"

"रस्ता एकच आहे. चुकणार कुठं?"

"दोनच गाणी घोळव. शहाणपणा करू नको," असं बजावून मी ढोलकरी घेतला आणि उलटा फिरलो.

बाई तिथंच उभी होती. तांब्या तसाच. शेजारी बाजेवर आंब्याच्या पानांचं तोरण पडलं होतं, बांधायचं राहिलेलं.

"मना दारसमोर मुकाच गयात ना तुम्ही!" ती म्हणाली. रडत नव्हती.

"चुकलं. आता किती वाजवायचं ते सांगा. तिकडं मांडव खोळंबलाय. दोन गाणी?"

"पुरं व्हयनं का मी सांगसू."

"तरी, दोन का तीन?"

"तुम्ही नाशिकना ना? भाव तिकडं करा. हाई दार शे, बाजार नही."

ढोलकरी हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर थांबला.

मी वाजवायला लागलो. दोन गाण्यांनंतर क्लॅरनेट खाली घेतलं. ती नुसती वाद्याकडं बघत राहिली. तिसरं वाजवलं. चौथं वाजवलं. ओठ सुजले. इतक्या वर्षांत माझ्याशी असा सौदा कोणी केला नव्हता, एक शब्द न बोलता. पाचव्या गाण्याच्या मध्यावर तिनं तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि मुलीला हाक मारली. मुलगी बाजेवर चढली, तोरण बांधलं. बाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"आते जा."

मांडवाजवळ आलो तर आधी ट्रम्पेटच ऐकू आला. त्यानं दोन गाण्यांवर भागवलं नव्हतं. पोरं, बाया, मामासुद्धा नाचत होते. मी नव्हतो हे कोणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. मला बघून तो वाजवता वाजवताच बाजूला सरकला, जागा करून दिली. मी हातानं त्याला राहू दे म्हणालो आणि मागं जाऊन उभा राहिलो. ओठ सुजले होते म्हणून. तिथं मांडवाची सावली होती.

तीन दिवसांनी बाईचा फोन आला. साखरपुडा ठरल्या दिवशीच होता. तिनं मामाकडून नंबर घेतला होता, मांडवाजवळच्या नाचाचंही ऐकलं होतं.

"या तुम्ही. दारशी तुम्ही वाजाडा. म्होरे तो दुसरा, ट्रम्पेटवाला, ऱ्हाऊ द्या."

मी बराच वेळ वाद घातला. पार्टी माझी आहे, पुढं मीच असतो, असं तीन तऱ्हांनी सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. फोन कट झाला का म्हणून मी बघितलं. चालू होता.

"बरं," मी म्हणालो.