म्हाताऱ्या नावेचं इंजन

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या स्टँडवर मानोऱ्याच्या गाडीत बसलो होतो. त्यांचे यजमान नामदेवराव माझे जुने मित्र, त्यांनाच भेटायला निघालो होतो... "भाऊ, ते गेले हो," एवढंच त्या बोलल्या. गाडी सुटली, पण मला उतरावंसं वाटलं नाही.

धरण झालं आणि नामदेवरावांचं शेत पाण्यापलीकडे राहिलं. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून त्यांनी कुणाची तरी जुनी फायबरची नाव घेतली आणि कित्येक वर्षं ती वल्ह्यांनी चालवली. पुढं खांदे दुखायला लागले, तेव्हा मागे लावायचं इंजन घ्यायचं ठरलं. किती हॉर्सपॉवरचं, यावर मात्र घरोघर चर्चा. विहिरीवर मोठ्यात मोठी मोटर बसवणारी आमची माणसं. पंधराच्या खाली कुणी यायला तयार नाही. मीही नाही.

नामदेवरावांनी आधी, इंजन जिच्यावर बसणार ती नावेची मागची फळी हातोडीनं ठोकून पाहिली. एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. आतलं लाकूड पाणी पिऊन सडलं होतं. फळी बदलून झाल्यावर ओळखीच्या मासेमाराचं पंधराचं इंजन मागून आणलं, वहिनींच्या जागी वाळूची पोती ठेवली आणि मला शेजारी बसवलं. थोडा वेग देताच नावेचं तोंड आभाळाकडे, अन् मागून पाणी तिच्या काठाला टेकलं!

"बंद करा!" मी ओरडलो.

ते हसत म्हणाले, "पाह्यलं? नाव म्हातारी हाय. तिले पळवाचं नाई, पोचवाचं हाय."

शेवटी सहाचं हलकं इंजन घेतलं. लोक हसले. एका दुपारी तुरीची पोती घेऊन नवराबायको नावेतून परतताना वारं सुटलं. काठावरून मी बघत होतो. लाटा आडव्या येत होत्या आणि नाव मुंगीसारखी सरकत होती.

"काहून एवढं लहान इंजन घेतलं हो?" वहिनींचा आवाज पाण्यावरून आला.

"तू मधात बसून राह्य!"

पोचले. दोघंही चिंब, पण नावेत घोटाभरही पाणी साचलं नव्हतं. दोर बांधताना नामदेवराव हळूच मला म्हणाले, "मलेही भेव वाटलं गड्या... तिले नको सांगू."

गेल्या आठवड्यात वहिनींसोबत शेतात गेलो. इंजन त्यांनीच सुरू केलं. नामदेवरावांनी उन्हाळ्यात शिकवून ठेवलं होतं. पलीकडे पोचल्यावर त्या आधी उतरल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, एका हातानं नाव धरली आणि दुसरा माझ्यापुढे केला. नामदेवराव त्यांना रोज असंच उतरवून घ्यायचे.