नानांचा अंदाज

आमचे नाना मीटिंगमध्ये सगळ्यांचं मत विचारायचे, पण निर्णय सांगून झाल्यावर. “बोला, मोकळ्या मनानं बोला,” म्हणायचे आणि आमच्याकडे असं बघायचे की ते मोकळं मन लगेच चहाच्या कपात बुडी मारायचं.

नाना म्हणजे जळगावातल्या आमच्या दूध डेअरीचे मालक. धंदा त्यांनी शून्यातून उभा केला, हे खरं. याची आठवण त्यांना रोज कुणीतरी करून द्यावी लागे, हेही खरं. कुणी नाही दिली तर ते स्वतःच द्यायचे. मी विक्री सांभाळायचो, म्हणजे मुख्यतः मान डोलवायचो.

‘अंदाज’ हा त्यांचा लाडका शब्द. अंदाज बरोबर आला की तो नानांचा. चुकला की बाजार नालायक. ओळखीच्या एका चटई कारखानदारानं आकडेवारीसाठी माणूस नेमला, तेव्हा आपण मागे कसे राहणार म्हणून नानांनीही धुळ्याच्या निकम मॅडमना नेमलं. संगणक आला, मोठा पडदा आला. नाना पाहुण्यांना तो पडदा कौतुकानं दाखवायचे. त्यावरचं वाचायचे मात्र नाहीत. मॅडमनी पहिल्यांदा आलेख दाखवला, तर म्हणाले, “ही रेघ खाली कशी काय जाते? नीट काढा.”

खरी ठिणगी पडली ती पाचोऱ्याच्या चिलिंग सेंटरवरून, म्हणजे गावोगावचं दूध थंड करून ठेवायच्या जागेवरून. नाना तिथं अचानक गेले, तेव्हा सेंटरचा प्रमुख पाटील कॉम्प्रेसर उघडून बसला होता. हात ग्रीसनं माखलेले, त्यामुळे तो हार घेऊन धावत आला नाही. परतीच्या वाटेवरच नानांना अंदाज आला की हे सेंटर तोट्यात आहे. आठवड्याच्या मीटिंगमध्ये जाहीर झालं: पाचोरा बंद, तिथली माणसं कमी आणि धुळ्याला देवपुरात आपलं जे शोरूम आहे, ते आणखी मोठं करायचं. त्या शोरूममध्ये काचा होत्या, कारंजं होतं आणि नानांचा पुरुषभर उंच फोटो होता. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

मॅडम उठल्या. पडदा लावून त्यांनी शांतपणे दाखवलं की सगळ्यात कमी दूध पाचोऱ्याला नासतं आणि डेअरीचा नफा देवपूरचं कारंजं पितं. नानांचा चेहरा लाल झाला. रागावले की ते थेट अहिराणीत शिरायचे. “खोटं शे! बठ्ठं खोटं शे!” सगळंच खोटं ठरवून आणि टेबलावर हात आपटून ते निघून गेले. आदल्या दिवशी मॅडमच्या आकड्यांची तारीफ करणारे आम्ही सगळे एकदम पंखा किती छान फिरतो ते बघू लागलो.

मला वाटलं, मॅडम राजीनामा देतील. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, ते आकड्यांवर नाही चिडले. तुमच्या सगळ्यांसमोर हरले, म्हणून चिडले. चूक माझी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच नानांच्या घरी गेल्या. नुसत्या म्हणाल्या, “नाना, मला अंदाज बांधायला शिकवा. कुठल्या सेंटरला आज किती दूध येईल, किती नासेल, ते तुम्ही आधी सांगायचं. संध्याकाळी मी आकडा सांगेन.” शिकवायला मिळतंय म्हटल्यावर नाना खुलले. पहिले काही दिवस सपशेल आपटले. पण संगणकाकडून हरायचं म्हणजे काय! मग ते कालचे आकडे मागवू लागले, मग महिन्याचे. शेवटी चष्मा लावून स्वतः पडद्यासमोर बसायला लागले. पाचोरा बंद करायच्या नोटिशीचा कागद तोवर टेबलावर तसाच पडून होता.

मग एका मीटिंगमध्ये नानांनी विचारलं, “पाचोरा बंद करायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं होतं?”

आम्ही टेबलाकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “तसा विषय निघाला होता, नाना.”

“मूर्खपणा शे! ते आपलं सर्वांत चांगलं सेंटर. आणि देवपूरचं कारंजं बंद करा. पाणी फुकट जातं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पाचोऱ्याला गेलो. नानांनी पाटलाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, “मला आधीपासूनच माहीत होतं.” पाटलानं मान डोलवली. परत येताना गाडीत नानांनी काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पोर हुशार शे. चारचौघास्मा तिनी माले हारू दिधं नही.” लगेच माझ्याकडे वळले. “हे ऑफिसात बोलायचं नाही.”

काही वर्षांनी मॅडम नाशिकला मोठ्या कंपनीत गेल्या. निरोप समारंभाला नाना आले नाहीत. महत्त्वाचं काम निघालं म्हणे. त्या दिवशी ते केबिनचं दार लावून एकटेच बसून होते.

गेल्या साली नाना गेले. शोकसभेत एक पुढारी म्हणाला की जिल्ह्यात आकड्यांच्या आधारे धंदा करण्याची दूरदृष्टी प्रथम नानांनीच दाखवली. मी हसू दाबत शेजारी बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या.

“महिन्यातून एकदा फोन यायचा त्यांचा,” त्या म्हणाल्या. “विचारायचे, तिथला साहेब ऐकतो का गं तुझं? नाही ऐकत म्हटलं, की इतके खूश व्हायचे! म्हणायचे, मग? सगळेच माझ्यासारखे कुठून असतील?”