दोन डिग्र्या आन् देवाचं झाड

आमच्या घरच्या माणसाले एक खोड आहे. काही दिसलं की विचारायचं. धाड गावच्या बाजारात सुया विकणाऱ्या बाईले विचारतील, सुईचं नेढं कसं पाडत असतील हो? आता त्या बाईनं सुया विकाव्या का याइच्या प्रश्नाले उत्तर शोधत बसावं? लग्न होऊन आली तवा मले वाटलं, माणूस जरा अर्धवट आहे. मंग कळलं, अर्धवट नाही, पण कोणतीच गोष्ट अर्धी कळून त्याइचं पोट भरत नाही. लोक उत्तमराव म्हणतात. मी नाव घेत नाही; घेतलं तर 'काऊन घेतलं' म्हणून विचारतील.

धाडच्या पुढं आमचं वावर आहे. त्यात एक शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचं घरच म्हणा. त्यात आम्ही कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करतो. काम लई नाजूक. मादी झाडाची कळी संध्याकाळी उघडून तिच्यातला नराचा भाग चिमट्यानं काढून टाकायचा. सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग बोटानं लावायचा, आन् लावला की तिथं रंगीत दोरा बांधायचा. तोडणीच्या वक्ताले दोरा असलेलीच मिरची घ्यायची. बिनदोऱ्याची फेकून द्यायची, कारण ती आपल्याच परागानं धरलेली असते आन् तिचं बी कंपनीले चालत नाही.

आमची प्रेरणा याच जाळीत रांगली. पुढं कृषीची पदवी घेतली, आन् मंग एम.एस्सी.ले लागली. ही एम.एस्सी. काही साधी नाही. एक वर्ष आपल्या इथल्या विद्यापीठात, एक वर्ष हॉलंडात, आन् शेवटी दोन्हीकडच्या दोन डिग्र्या. मधात एक मोठं काम करायचं, तेही पुस्तकातलं नाही, कंपनीले पडलेला खराखुरा प्रश्न सोडवायचा. इथले सर, तिकडच्या बाई आन् कंपनीचे साहेब, तिघं हो म्हणतील तरच पोरगी विमानात बसणार.

मले तर हे ऐकूनच शंका आली. एवढ्या वेळात दोन डिग्र्या कोण देते बाप्पा? फसवणारे काय कमी आहेत? हे मात्र खुशीत आले. पोरगी जेवायले बसली तिथंच सुरू झाले.

"प्रत्येक डिग्री अर्धी असते का पुरी?"

"पुरी, बाबा."

"शिकवतात मंग अर्धं अर्धं?"

"एकाचं शिकवलेलं दुसरा मानून घेतो. तसा त्याइच्यात करार आहे."

हे घास हातात धरून विचार करत राह्यले. मंग म्हणले, "म्हणजे सावड. एक बैल याचा, एक त्याचा. दोघाइचंही वावर पुरं पेरून होते. आन् कंपनी काय करते त्यात?"

"बियाणं देते म्हणा."

"आन् औत कोण ओढते?" मी विचारलं.

"मी," प्रेरणा म्हणली, आन् आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसापासून बसस्टँडवर भेटंल त्याले हे सावडीची गोष्ट सांगायले लागले. एका कंडक्टरले सांगता सांगता गाडीच सुटून गेली.

कंपनीनं तिले जो प्रश्न देला तो आमच्याच अंगणातला निघाला. आमच्या भागातल्या काही शेतकऱ्याइचं बी तपासणीत फेल होऊन राह्यलं होतं. कंपनी ते पेरून पाहते, तर मधात मधात संकर न झालेली, नुसती मादीसारखी झाडं निघत. काऊन निघतात, ते कोणालेच उमगत नव्हतं. फेल झालेल्याइत आमचंही बी होतं. एकदा माफी असते. पण शेतकऱ्यानं मुद्दाम झाडं बिनपरागाची ठेवली असं निघालं, तर पुढच्या सालापासून त्याचा प्लॉट बंद, म्हणजे बियाण्याचं कामच बंद. हा कंपनीचा कायदा सगळ्याइले माहीत होता.

दिवाळीनंतर प्रेरणा घरी आली. रोज सकाळी मोबाईल घेऊन बापाच्या मागं मागं जाळीत फिरे. कोण कसा पराग लावते, कोण कुठं चुकते, सगळं टिपून घेई. बापलेकीचं बरं जमलं होतं. ती एक विचारे, हे तिले चार विचारत. एका सकाळी मी पलीकडच्या ओळीत कळ्या पाहत होती, तवा तिचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही ओळ दुसऱ्या झाडापासून काऊन सुरू करता?"

"पहिलं झाड देवाचं असते."

"म्हणजे त्याले पराग लावत नाही?"

"देवाच्या झाडाच्या फुलाले माणसाचा हात लावत नाहीत. ते पाखराचं. तुझी आजी ज्वारीतही तसंच करे."

"मंग त्याले दोरे काऊन बांधले?"

"आता देवाचं झाड बोडकं कसं ठेवावं?"

पोरगी मटकन खालीच बसली. मी धावत गेली, वाटलं चक्कर आली. तर ती त्या झाडाच्या फांद्या पाहून राह्यली होती. प्रत्येक ओळीचं पहिलं झाड, फांदीफांदीले दोरा. तोडणीच्या बाया दोरा पाहून तोडतात, त्या बिचाऱ्याइले काय माहीत की हा दोरा देवाचा आन् तो कंपनीचा? सगळ्या मिरच्या एकाच ढिगात जात होत्या.

दुसरा कोणी असता तर तोंड लपवलं असतं. हे त्या झाडाभोवती फिरले, एक मिरची हातात घेऊन उलटीपालटी केली आन् म्हणले, "म्हणजे ती मादीसारखी झाडं माह्या देवाची होती. पाह्य ना, किती सोपं होतं." चेहरा असा फुलला होता की मले राग यावा का हसू, कळेना.

पण एका वावरावरून काही सिद्ध होत नाही, असं प्रेरणा म्हणली. मंग हे तिच्यासंगं बी फेल झालेल्या घरोघरी गेले. कंपनीच्या माणसाले लोकाइनं कधी सांगतलं नसतं. याइच्याजवळ चहा पिता पिता सांगून टाकलं. कोणी पहिलं झाड सोडे, कोणी कोपऱ्यातलं, पण दोरा सगळेच बांधत. प्रेरणानं वचन देलं, कोणाचं नाव लिहिणार नाही, नुसते नंबर लिहीन.

आमचं नाव मात्र लपणार नव्हतं. डोळ्यानं पाह्यलेलं, फोटो काढलेलं तेवढं एकच वावर होतं, आन् ते बापाचं.

कंपनीकडून आमच्या प्लॉटवर देखरेख करायले शिवम येतो. पोरगा भला आहे. त्यानं ऐकलं आन् डोक्याले हात लावला. मले बाजूले घेऊन म्हणला, "काकू, जाळी फाटली होती, मधमाशी शिरली, असं लिहायले सांगा तिले. ते कोणीही मानेल. तिचं काम होते, आन् तुमचा प्लॉटही राहते."

मले ते पटलं. उघड सांगते, अजूनही त्यात मले काही पाप वाटत नाही. प्रेरणालेही पटलं असावं, कारण ती जेवताना खालमानेनं म्हणली, "बाबा, मी मधमाशीचंच लिहिते."

"जाळी फाटली नव्हती," हे म्हणले.

"माहीत आहे. पण प्लॉट जाईल."

याइनं ताट बाजूले सारलं. संसारात मी याइले अन्नावरून उठताना पाह्यलं नव्हतं. "जन्मभर मी विचारून राह्यलो," म्हणले, "लोक हसले, पण उत्तर कोणी देलं नाही. आता एक उत्तर सापडलं. ते माह्या पोरीले सापडलं. आन् तू ते मधमाशीच्या नावावर घालतेस?"

प्रेरणा रडली. मी याइले नाही नाही ते बोलली. म्हटलं, खरं बोलून चूल पेटत नसते. प्रेरणानं जे होतं ते लिहिलं.

तिघाइची बैठक मोबाईलवर झाली. ओसरीत पिठाच्या डब्याले मोबाईल टेकवून पोरीनं इंग्रजीत सगळं सांगतलं. इथले सर, तिकडच्या बाई, कंपनीचे साहेब, सगळे ऐकत होते. शेवटी बाईनं विचारलं, ज्या शेतकऱ्याचं हे वावर आहे त्याले काही बोलायचं आहे का? प्रेरणानं याइले पुढं बोलावलं. मी मागून याइचा सदरा ओढला आन् हळूच म्हटलं, "प्लॉटचं बोला." साहेब समोर होता. असा मोका पुन्हा कुठं येणार?

हे मोबाईलपुढं वाकले, घसा साफ केला आन् म्हणले, "बाई, तुमच्या देशात देवासाठी झाड ठेवत नसतील, तर पाखराइले काय ठेवता?"

प्रेरणानं ते सांगतलं. सर हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणल्या, मले माहीत नाही, आमच्या शेतकऱ्याइले विचारून सांगते. साहेब कागद चाळत होते. मी कपाळावर हात मारून आत गेली.

आठवड्याभरात तिघाइनंही हो म्हटलं. पोरीचं हॉलंड पक्कं झालं. पाठोपाठ शिवम आला, दारातच उभा राह्यला, चहाले नको म्हणला. पुढच्या सालापासून आमचा प्लॉट बंद.

तो गेल्यावर माह्यानं राहवलं नाही. हे अंगणात पाय धूत होते. मी म्हटलं, "अवो, साहेब समोर होता. एक शब्द प्लॉटचा काढला असता तर तोंड झिजलं असतं का?"

"काढला असता तर साहेब म्हणला असता, बापाचा प्लॉट वाचवायसाठीच पोरीनं हे सगळं रचलं. मंग तिच्या कामावर कोणी भरोसा ठेवला असता?"

एवढा विचार या माणसानं केला असंल, हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाले मागावं वाटलं नाही?"

"लई वाटलं," हे म्हणले. तांब्या तसाच हातात होता. "तोंडापर्यंत आलं होतं. म्हणून पाखराचं विचारून टाकलं."