काडीची भूक

बॉयलरच्या आत शिरणाऱ्या काडी नावाच्या गड्याला बाहेर बसणारा माणूस किती ओळखत होता, तर आवाजापुरता. वर्षानुवर्षं दोघांनी एकत्र काम केलं, पण मध्ये कायम लोखंडाचा जाड पत्रा. काडीला मुलंबाळं किती, घरी गेल्यावर तो काय करतो, कशानं चिडतो, यातलं बाहेरच्याला काही ठाऊक नव्हतं. त्याचा खोकला मात्र गर्दीतही ओळखता आला असता.

काम सांगायला सोपं होतं. कापड रंगवायच्या कारखान्यात वाफेचे बॉयलर होते. पाणी उकळून उकळून आतल्या पत्र्यावर क्षारांचा दगडासारखा थर बसतो. बॉयलर थंड करायचा, आत हवा सोडायची आणि एकानं आत शिरून तो थर ठोकून काढायचा. शिरायला बाजूला एक लंबगोल भोक असे, त्याला सगळे बॉयलरचं तोंड म्हणत. दुसऱ्यानं तोंडाशी स्टूल टाकून, आतल्याच्या कमरेची दोरी हातात धरून बसायचं आणि अधूनमधून हाक मारायची, "आहेस ना?" आतून "आहे" असं आलं पाहिजे. नाही आलं, तर दोरी ओढायची. ती वेळ कधी आली नाही, याबद्दल बाहेरचा स्वतःला भाग्यवान समजे. काडी म्हणे, "दादा, यात तुझं कसलं भाग्य? उत्तर तर मी देतो!"

काडी हे नाव अंगकाठीवरून पडलेलं. एक हात पुढे, मग डोकं, खांदे तिरके, श्वास पार सोडून द्यायचा, की गडी आत. नव्या पोरांना जमत नसे, ती खांद्याशीच अडकत.

एका हिवाळ्यात काडीच्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड वाळले, पण आग गेली नाही. शर्ट टेकला तरी तो कळवळायचा. जेवण तुटलं, झोप उडाली. गोळ्या झाल्या, मलमं झाली. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या झाडापासून काढलेल्या तेलाची बाटली लिहून दिली. संध्याकाळी जिभेखाली थेंब ठेवायचे, आणि सकाळी डोकं जरा जरी जड वाटलं तरी बॉयलरकडे फिरकायचं नाही, अशी सक्त ताकीद. कारखान्यात ही बातमी लपली नाही. काडी फाटकातून आत आला की कुणीतरी हटकून विचारी, "काय, काडी पेटली का?" तो हसून पुढे जाई.

दुखणं हटलं नाही, पण सोसण्याजोगं झालं. झोप यायला लागली. आणि भूक आली. ती अशी आली, की जणू सहा महिने बाहेर ताटकळत उभी होती.

काडीच्या डब्याला आणखी एक पुडा चढला, मग त्यावर पिशवी आली. चेहरा भरला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेही उलट्या बाजूला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. बाहेरच्यालाही तसंच वाटलं. त्यानं फक्त एवढं पाहिलं, की हल्ली आत शिरताना काडी श्वास दोनदा सोडतो.

मग तो दिवस आला. बॉयलर लहान होता, फोरमन शेजारीच उभा होता. काडीचा हात गेला, डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोटाशी गाडी थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना. बाहेरच्यानं सवयीनं विचारलं, "आहेस ना?"

"अर्धा आहे," आतून आवाज आला. "उरलेला तुझ्याकडे आहे. ओढ!"

दोघांनी पाय धरून त्याला बाहेर काढलं. बरगड्यांवरची आग पुन्हा भडकली होती, डोळ्यांत पाणी होतं. फोरमन हसला नाही. तो म्हणाला, "दोन महिन्यांनी मोठ्या बॉयलरची तपासणी आहे, त्याचं तोंडही एवढंच. मावलास तर ठीक. नाहीतर तुला स्टुलावर बसवतो, आत दुसरा शोधतो." मग बाहेरच्याकडे न बघता म्हणाला, "आणि यांना घरी पाठवावं लागेल. स्टूल एकच आहे."

त्या संध्याकाळी काडी म्हणाला, "दादा, उद्या इस्पितळात चल. मला तिथं बोलता येत नाही. तू बाहेरून विचारतोस तसं विचार."

बाहेरच्यालाही लोकांत बोलायचं म्हणजे घाम फुटे. पण स्टुलाचा प्रश्न होता. तो गेला. काडीची बायकोही आली. वहिनींची ही पहिलीच भेट.

"बाई," बाहेरच्यानं कसंबसं विचारलं, "थेंब दुखण्याचे, मग भूक का लागते?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण हुकूम सुटतो मेंदूतून. खा म्हणून सांगायला शरीराकडे स्वतःचं एक रसायन असतं. या तेलातला नशेचा अंश त्याचंच सोंग घेतो. वास जास्त येतो, चव वाढते, खाण्यातला आनंद वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलंय, की पोट भरलं म्हणून सांगणाऱ्या पेशीच 'भूक, भूक' करत सुटतात."

"म्हणजे राखणदारच चोराला सामील," काडी पुटपुटला.

"तसंच. थेंब कधी घेता?"

"कामावरून आल्या आल्या," वहिनी म्हणाल्या. "मग मी स्वयंपाकाला लागते. तासाभरानं गरम गरम वाढते. खातात हो पोटभर! उठवतच नाही त्यांना पानावरून."

"नेमकी भूक चढते तेव्हाच ताट समोर येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्रम उलटा करा. आधी जेवण, मग थेंब, मग दात घासून झोप. ताट एकदाच वाढायचं, भांडी उचलून ठेवायची. गोड, तळलेलं घरात समोर नको. मध्येच भूक उसळली तर आधी पाणी, मग काकडी, गाजर, उकडलेलं अंडं. थेंब मी थोडे कमी करून देते. तुम्ही मनानं कमीजास्त करू नका."

काडीनं मान डोलावली. वहिनींची मान मात्र खाली गेली होती.

"म्हणजे, 'झकास झालंय' म्हणायचे ते थेंब म्हणायचे?" त्या हळूच म्हणाल्या. "उभ्या संसारात या माणसानं कधी माझ्या जेवणाला चांगलं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आजारपणानं जीभ सुधारली."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चव तुमच्याच हातची. थेंबांनी फक्त आवाज मोठा केला."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बाहेरच्याला जेवायला बोलावलं. "भावोजी, साक्षीला कुणीतरी हवं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत काडीचं घर त्यानं तेव्हा पाहिलं. दोन खोल्या, खिडकीत पुदिन्याची कुंडी, भिंतीवर दोन मुलींचे लग्नातले फोटो. थेंबांची बाटली जेवण होईपर्यंत कपाटात, वरच्या फळीवर. वहिनींनी वाढलं आणि समोर बसल्या. काडीनं पहिला घास घेतला, चावला, गिळला. बाहेरच्यानं आपला घास हातातच धरून ठेवला.

"मीठ कमी आहे," काडी म्हणाला.

वहिनींनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. "आला! माझा नवरा परत आला!"

काडी गोंधळला. मग खाली बघत म्हणाला, "बाकी बरं आहे." वहिनींनी मिठाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

पुढचे आठवडे सोपे गेले नाहीत. थेंब घेऊन झोपेपर्यंतचा वेळ वाईट असे. वहिनी त्याला गल्लीत फेऱ्या मारायला नेत, बेकरी टाळून. एकदा बिस्किटांचा डबा त्याला शिलाई मशीनच्या खाली सापडला. रिकामा झाल्यावर त्यानं तो तिथंच परत ठेवला आणि पकडला गेला. दुपारच्या डब्याची जबाबदारी बाहेरच्यानं घेतली, कारण कॅन्टीनच्या वाटेवर काडीवर वहिनींचा भरवसा नव्हता. वजन झरझर उतरलं नाही. पट्टा एक भोक आत आला आणि तिथंच अडून बसला.

मोठ्या बॉयलरच्या दिवशी फोरमन पुन्हा शेजारी येऊन उभा राहिला. काडीचा हात गेला, डोकं गेलं, खांदे गेले. पोटाशी तो थांबला. बाहेरच्यानं दोरी घट्ट धरली. आतून लांब श्वास सुटल्याचा आवाज आला, शर्ट पत्र्याला घासला, आणि बूट दिसेनासे झाले.

"आहेस ना?" बाहेरच्यानं विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"सगळा आहे," काडी म्हणाला.

फोरमन निघून गेला. स्टूल जागच्या जागी राहिलं.

त्या कामानंतर बाहेरच्यानं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली. पट्टी असताना वहिनींचा फोन आला. काडी गेला होता, झोपेतच, हृदय बंद पडून. डॉक्टर म्हणाले, थेंबांशी याचा संबंध दिसत नाही. वहिनी म्हणाल्या, जेवून झोपले होते, पोटभर नाही, पण जेवून.

दोघांचं शेवटचं बोलणं त्या मोठ्या बॉयलरच्या तोंडाशीच झालं. काडी बाहेर आला, पांढऱ्या धुळीनं माखलेला, आणि जमिनीवर फतकल मारून बसला.

"डब्यात काय आहे?"

"काकडी."

"आणि?"

"गाजर."

"आणि?"

"झाकण."

"दे इकडे," काडी म्हणाला. "झाकण तू खा."