बेंगळूरचं पाकीट

चाळिसावं लिंग मागं टाकलं आणि माझ्या बेलाच्या पुडीचा दोरा सुटला. पंचाहत्तर सालच्या श्रावणातला सोमवार होता तो. गावभर विखुरलेल्या सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन मी दर श्रावणात अनवाणी चालत घेते. मालती त्या वर्षी पहिल्यांदाच आली. देवाचं तिला फारसं काही नव्हतं. "तुमच्याबरोबर चालायला येते, अक्का," एवढंच म्हणाली होती.

तिनं पुडी माझ्या हातून घेतली आणि दोऱ्याचा सैलसर फास करून गाठ मारली. पानं चुरगळली नाहीत आणि पुडीही सुटली नाही.

"मेंदूची गाठ ही."

"सोमवारी तरी मेंदू नको गं."

"बेलाला काय कळतंय," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

शुक्रवार पेठेत आमच्यापासून तिसरं घर तिचं. मी महापालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवते, ती बी.एस्सी. होऊन मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलेली. मृत माणसाचा मेंदू काढला की तो औषधाच्या पाण्यात ठेवायचा असतो. नुसता सोडला तर बुडाशी बसतो आणि पिठाच्या गोळ्यासारखा चपटा होतो. म्हणून त्याच्या एका शिरेखालून दोरा घालून तो बरणीत उलटा, अधांतरी टांगायचा. हे काम मालतीचं. तिथला शिपाई चनमल्लप्पा मला एकदा म्हणाला होता, "बाईंनी बांदल्याला मेंदू पंदरा दिसांनी काडा, हाय तसा हाय. सायबानं बांदल्याला बुडाला बसतोय की." हे साहेब म्हणजे तिचे विभागप्रमुख.

झटके येऊन दगावलेल्या काही माणसांच्या मेंदूत तिला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या. अशा नऊ मेंदूंचे काप करून तिनं वहीत पेन्सिलीनं चित्रं काढली. ती वही साहेबांपुढं न्यायला मात्र तिचा धीर होईना. सहा महिने गेले. "चुकलं असेल तर?" म्हणायची. मी म्हणायची, "चुकलं तर मी फळा पुसते. तू वही पुस." शेवटी चनमल्लप्पानंच ती वही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेब माणूस वाईट नव्हता. बेंगळूरच्या एका संस्थेत मेंदूच्या तपासणीचं दोन वर्षांचं शिक्षण होतं, तिथं त्यांनी स्वतः तिचा अर्ज पाठवला. तिनं विचारलं, "तिथं बायकांना घेतात?" ते म्हणाले, "चित्र चांगलं असलं की घेतात." वयाची अट तिशीची, आणि मालतीला तिसावं सरत आलेलं. तिच्या हातात ही एकच खेप होती.

वडील गंगाधरपंत कोर्टात कारकून. मुलीनं एकटीनं परगावी जायचं हे त्यांना ऐकवणंसुद्धा अवघड, म्हणून तिनं अर्जावर माझा पत्ता घातला. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि त्र्याहत्तरच्या कार्तिकात गंगाधरपंतच गेले. सकाळी पूजेला बसले ते उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी पोस्टमननं माझ्या हातात लांबट पाकीट दिलं. बेंगळूरचा शिक्का, टाइप केलेलं नाव. आनंदाचंच असणार, मी मनाशी म्हटलं. सुतकाच्या घरात आनंदाची गोष्ट न्यायची नसते, तेराव्याचं गोड होऊ द्यायचं, हे आईनं मला शिकवलेलं. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं हेही तिनंच शिकवलेलं. मी पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. रोज पूजा करताना म्हणायची, देवा, पोरीचं भलं कर.

चौदाव्या दिवशी सकाळी पेढा आणि पाकीट घेऊन गेले. तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मग घडी परत पाकिटात घातली.

"काय गं?"

"मुलाखत परवा होती, अक्का."

तिनं पेढा खाल्ला. मी आणला होता म्हणून खाल्ला.

तिनं बेंगळूरला दोनदा लिहिलं. उत्तराला एक छापील कार्ड आलं, त्यात नावापुढं 'गैरहजर'. पुढच्या वर्षी वय निघून गेलेलं. साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरी अडचण होती." माझं नाव तिनं घेतलं नाही. कॉलेजात सगळ्यांनी तिला भित्री ठरवलं. दोनचार वर्षांनी तीही तसंच म्हणायला लागेल, असं मला वाटायचं. मी देवापुढं कितीदा कबूल केलं. माणसापुढं एकदाही नाही.

पंचेचाळिसाव्या लिंगाशी आम्ही सावलीला टेकलो. तळपाय पोळले होते. तिनं पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

"मी गेले असते, अक्का. दहावा करून निघाले असते. भीती वाटली असती, पण गेले असते."

"ठाऊक आहे गं."

"तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांना नाही." ती पायाचे खडे झाडत होती. "आमच्याकडं आता गोदावरी येमूल म्हणून पोरगी आहे. बाप मागावर चादरी विणतो. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा. बावीस वर्षांची आहे. बेंगळूरचा अर्ज भरलाय तिनं. साहेब पुढं पाठवत नाहीत. म्हणतात, मागं एका बाईला पाठवलं, ऐन वेळी कच खाल्ली. परत तोंडघशी पडायला नको."

"मग तू सांग की त्यांना."

"मी सांगितलं तर सबब होते. पावणेदोन वर्षांनी कोण ऐकणार." मग तिनं माझ्याकडं बघितलं. त्या चौदाव्या दिवसानंतर असं ती पहिल्यांदाच बघत होती. "शनिवारी तुमची सकाळची शाळा असते. दुपारी कॉलेजवर याल? ते पाकीट देव्हाऱ्यात दहा दिवस कुणी ठेवलं, ते तेवढं साहेबांना सांगा. चनमल्लप्पाला सांगून ठेवते, तो तुम्हाला त्यांच्या खोलीपर्यंत सोडेल."