थोरल्या साडूंची कोरडी पोल्ट्री

माणसाने देवावर विश्वास ठेवावा की नाही, याबद्दल माझ्या थोरल्या साडूंचे काही म्हणणे नव्हते; पण स्वतःच्या नाकावर ठेवलाच पाहिजे, नाक खोटं बोलत नाही, असे मात्र त्यांचे ठाम मत होते. नाशकात त्या काळी अंड्यांचा धंदा करणारे पुष्कळ होते, पण घाण वासाशी असे जन्माचे वैर धरलेला दुसरा पोल्ट्रीवाला मी पाहिला नाही. सत्तर-पंचाहत्तरचा सुमार असेल. अंबडकडे कारखाने नुकते उठू लागले होते आणि त्यांच्या अलीकडे, भाजीच्या मळ्यांना लागून, साडूंची लांबलचक पत्र्याची शेड होती. पोल्ट्री म्हटली की पाहुण्याचा हात आपोआप रुमालाकडे जातो. साडू तो हात वाटेतच धरत. "रुमाल ठेवा खिशात, साडूभाऊ. आधी वास घ्या, मग बोला," म्हणत मला कोंबड्यांच्या मधोमध उभे करत, चार-पाच दीर्घ श्वास घ्यायला लावत आणि तान संपवून गवयाने श्रोत्यांकडे पाहावे तसे माझ्या तोंडाकडे पाहत राहत. खरे सांगायचे तर वास येत नसे. थोडा तुसाचा, थोडा चुन्याचा, बाकी काही नाही.

"घाण कोंबडी करत नाही, घाण पाणी करतं," हे त्यांचे एकमेव तत्त्वज्ञान. घोटीच्या भातगिरण्यांतून तूस आणून ते शेडभर त्याची जाड गादी अंथरत. कोंबड्यांची विष्ठा तिच्यात पडे, आणि साडू सकाळी उठून स्वतः दाताळ्याने ती गादी वरखाली करत, तिच्यावर चुना भुरभुरत. गादी कोरडी राहिली की ना वास, ना माश्या, आणि शेवटी मळ्यांना उत्तम खत. ती कोरडी आहे की नाही हे पाहायची त्यांची रीत अशी, की मूठभर गादी उचलून दाबायची. मूठ उघडल्यावर भुरभुरली तर ठीक. लाडू वळला तर कुठेतरी पाण्याचे भांडे गळते आहे. मग ते भांडे सापडेपर्यंत साडू जेवत नसत. ही सवय इतकी हाडीमासी खिळली होती की एका लग्नाच्या पंगतीत गप्पांच्या भरात त्यांनी मसालेभाताचा लाडू वळला आणि नाकाशी नेला. यजमान घाबरून आचाऱ्याला बोलवायला धावले. आमच्या वास्तुशांतीला तर आहेर म्हणून त्यांनी खताचे पोतेच आणले, वर हळदकुंकू लावलेले. माझ्या बायकोने तोंड वाकडे करून ते मागच्या अंगणात ठेवून घेतले. पुढे आमचे गुलाब गल्लीभर गाजले, ती गोष्ट वेगळी. धंद्यातल्या लोकांशी मात्र त्यांचे जमले नाही. मेलेली कोंबडी नाल्यात फेकणाऱ्याशी ते बोलत नसत, आणि बहुतेक सगळेच तशी फेकत असल्यामुळे साडूंना बोलायला कोणी उरले नव्हते.

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, अतिशय टापटिपीच्या. घरात फरशी दिवसातून दोनदा पुसली जाई. शेडकडे मात्र साडूंनी त्यांना कधी फिरकू दिले नाही. तो माझा प्रांत, एवढेच म्हणत. का, ते कधी समजावून सांगितले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या नाशकाला शिकवले आणि घरातच शिकवायचे राहून गेले.

ऐंशीनंतर कारखान्यांतल्या नोकरदारांची एक वसाहत सरकत सरकत त्यांच्या कुंपणापर्यंत आली. माश्या वसाहतीच्याच उकिरड्यावरच्या आणि वास नाल्यातला; पण नाल्याला मालक नव्हता आणि पोल्ट्रीला होता. तक्रार ग्रामपंचायतीत गेली. सरपंच आणि वसाहतीचे लोक प्रत्यक्ष येऊन पाहतील, घाण वास आला तर शेडचा परवाना संपला, असे ठरले. साडू हरखले. अखेर कोणीतरी नाकाने न्याय करणार होते. इतकी वर्षे ज्या एका गोष्टीसाठी ते झिजले, ती आता चार माणसांसमोर सिद्ध होणार होती.

भर एप्रिल होता. साडू मला बरोबर घेऊन सकाळीच मंडळींना आणायला गेले. सरपंचांच्या वाटेत एक लग्न निघाले, त्यामुळे परतायला दुपार झाली. शेडच्या दारात रांगोळी होती. साडू जागच्या जागी थबकले. मला कळायच्या आधी त्यांच्या नाकाला कळले होते. मंडळी पाहायला येणार म्हणून ताईंनी सकाळी विहिरीची मोटर लावून शेड स्वतः धुऊन काढली होती आणि सगळ्या गादीवर सडा घातला होता. वर पत्रा तापलेला. आत पाऊल टाकले आणि डोळ्यांतून पाणीच आले. फोरमन असलेले वसाहतीचे अध्यक्ष रुमाल लावून बाहेर पळाले. साडूंनी खाली वाकून मूठभर गादी दाबली. घट्ट लाडू वळला. दाराशी ताई उभ्या होत्या, पदर भिजलेला, आता हे काय म्हणतात म्हणून डोळे नवऱ्याकडे लागलेले.

मी काही बोलणार, तोच साडूंनी माझे मनगट धरले. म्हणाले, "पाणी मीच मारायला सांगितलं होतं. चूक माझी. कोरडं असतं तर वास आला नसता."

अध्यक्ष हसले. "एवढं धुऊन हा वास. न धुता कसा असेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच भला माणूस होता, त्याला वाईट वाटले. म्हणाला, "दादा, तुमचं लय नाव ऐकलं व्हतं. पण आता नाक काय खोटं बोलतंय का?" हे वाक्य साडूंचेच होते.

दिवाळीच्या आत कोंबड्या विकल्या गेल्या. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये शेवटच्या पाट्या चढत होत्या तेव्हा मी तिथेच होतो. साडू ओट्यावर बसून होते, केस एकदम पांढरे झाल्यासारखे वाटत होते. ताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी धुतलं नसतं तर याहून वाईट झालं असतं, नाही का?"

ज्या माणसाने वासाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही भीड ठेवली नाही, त्याने क्षणभर ट्रककडे पाहिले.

"फार वाईट झालं असतं," साडू म्हणाले. "तू होतीस म्हणून ते आत तरी आले."

ताईंना बरे वाटले. त्या चहा टाकायला आत गेल्या. साडू रिकाम्या शेडकडे पाठ करून बसून राहिले आणि मीही शेजारी बसलो. साडू गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. ताई अजून कधीतरी तो दिवस आठवून म्हणतात, आपल्या हातून होईल तेवढं आपण केलं. मी हो म्हणतो.