महाराज टाळीसाठी थांबले

सडक अर्जुनीच्या मंडळींनी केलेला विनोदी सिनेमा रविवारी गावात दाखवणार, असं दिग्दर्शक वंदनाताईंनी आज दुपारी नक्की सांगितलं. आदिमानवापासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांची त्यात टर उडवली आहे.

सकाळी मात्र सगळं अडलं होतं. सिनेमातले महाराज म्हणजे आमचे शामरावकाका. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी जन्मभर राजे रंगवले. त्याच सवयीने कॅमेऱ्यासमोरही ते प्रत्येक वाक्यानंतर छाती फुगवून टाळीसाठी थांबले, आणि ताईंनी ते तसंच ठेवलं.

ते कळताच काका भडकले. "काऊन वं पोरी, माही मज्जाक करून राहिली काय? काढ तो सीन!"

"काका, एकदा लोकायसंगं बसून पाहा. नाही पटलं तं कापून टाकू."

मग नाटकमंडळीतले आम्ही दहा-बारा जण काकांसोबत बसलो. पडद्यावर महाराज थांबले. शत्रूचं सैन्यही तलवारी उपसून ताटकळलं. हसता हसता आम्ही टाळ्या वाजवल्या. काका पडदा सोडून आमचेच चेहरे पाहत होते.

शेवटी म्हणाले, "अजून थोडं थांबाले पाह्यजे होतं."

आयुष्यभराचा रुबाब असा हसण्यावारी नेऊ द्यायला मोठं मन लागतं. रविवारी काका प्रेक्षकांत बसणार आहेत. तुम्ही येताय ना?